देवीला नव्हे, मला हवंय

लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्या घरात मला काही हवं असेल, तर ते देवीनं मागावं लागे. आणि देवी माझ्याच अंगात यायची. त्यामुळे तशी सोय चांगली होती.

गंगाखेडहून मी बोरीला नांदायला आले तेव्हा नववी पास होते. घरात सासूबाई, माझे हे आणि धाकटे दीर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. माणसं वाईट नव्हती. मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त ऐकत नव्हती. मी बोलायला लागले की सासूबाई सुपातली ज्वारी पाखडत राहायच्या, हे शेताकडं निघायचे आणि दीर रेडिओचा आवाज वाढवायचे. आपला आवाजच निघत नाही की काय, असं वाटून मी एकदा गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलून बघितलं. म्हशीनं मान वळवली. म्हणजे आवाज निघत होता.

देवी पहिल्यांदा आली ती नवरात्रात, आरती चालू असताना. अंगावर काटा आला, गुडघे लटपटले, आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा कपाळभर कुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ, आणि सासूबाई माझ्या पायांवर डोकं ठेवून पडलेल्या. मी घाबरून पाय ओढून घेतले. हे सगळं खरं होतं का खोटं, असं मला अजून लोक विचारतात. खोटं नव्हतं, एवढं शपथेवर सांगते. पण पूर्ण खरं होतं का, ते मलाही सांगता येत नाही. अंगात वारं यायचं तेव्हा मी जवळपास कुठंतरी असायचे, एवढं मात्र नक्की.

कारण देवी मागायची ते सगळं मला हवं असायचं. आमच्याकडं बायकांना अंघोळीला तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या काड्यांची, ताटी होती. तिच्यातून रस्त्यानं कोण चाललंय ते मला ओळखू येई, म्हणजे त्यालाही मी ओळखू येत असणार. विटांची भिंत बांधा म्हणून दीड वर्ष मी सांगत होते. देवी एका मंगळवारी एकच वाक्य बोलली आणि शनिवारी गवंडी दारात हजर झाला. मग देवीला चहा दुधाचा लागू लागला. भाजीत शेंगदाण्याचा कूट जास्त लागू लागला. एकदा तर तिनं चार दिवस गंगाखेडला जाऊन राहायची इच्छा सांगितली. सासूबाईंनी तिला मोठ्या मानानं गाडीत बसवून दिलं. बरोबर मीही गेलेच.

हळूहळू दर मंगळवारी यायची सवयच लागली. गल्लीतल्या बायका आपापले प्रश्न घेऊन ओसरीत बसायच्या. शेजारच्या म्हातारीची कालवड हरवली होती, ती तर एकही मंगळवार चुकवत नसे. सगळं बरं चाललं होतं. पण एकदा देवी मंगळवार सोडून आली.

दिरांसाठी एक स्थळ आलं होतं. मुलीकडची माणसं मानवतहून घर बघायला यायची होती. आमच्याकडून निरोप गेला होता की मुलगा बारावी पास आहे. सकाळपासून मी तिघांनाही सांगत होते, की असं खोटं सांगू नका, एका पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. सासूबाई म्हणाल्या, "मुरमुरे भिजव." पाहुणे आले. मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. मुलीच्या बापानं विचारलं, "बारावीला काय विषय होते?" दीर म्हणाले, "सगळेच." मी दाराआड ट्रे घेऊन उभी होते. माझ्या हातातल्या कपबशा वाजायला लागल्या.

"ह्यो दोनदा नापास झालाय!" देवी घोगऱ्या आवाजात गरजली. "अन् तिसऱ्यांदा बसायचं ह्याच्या मनातबी न्हाई!"

पाहुण्यांनी उठून देवीला नमस्कार केला, कुंकू लावून घेतलं आणि चारच्या गाडीनं मानवतला निघून गेले. दीर आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. हे मात्र बोलले. "देवीनं घरचं घरात ठिवावं," एवढंच म्हणाले, पण माझ्याकडं बघत म्हणाले.

मग हे मला गावातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी आधी लाल औषधाचं इंजेक्शन दिलं. देवीला ते लागू पडलं नाही, मला मात्र दोन दिवस दंड उचलता येईना. मग त्यांनी सांगितलं, की परभणीला एका दवाखान्यात दर गुरुवारी औरंगाबादहून एक बाई येतात. त्या औषध देत नाहीत, नुसतं बोलतात.

"नुस्तं बोलायला परभनीला कामून जायाचं?" सासूबाई म्हणाल्या. "गावात काय बोलनारे कमी हायेत का?"

शेवटी त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. देवीला घालवायचं नाही. पाहुणे आल्यावर येऊ नये, एवढीच समज द्यायची. म्हणजे शाळेत मास्तर पोरांना वेळेचं वळण लावतात, तसं त्या बाईंनी देवीला लावायचं. मला काय हवं होतं, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

आमच्याकडं दवाखान्यात एकट्यानं कुणी जात नाही. एकट्यानं गेलं तर आजार किरकोळ आहे असं डॉक्टरला वाटतं. त्यामुळे जिंतूर-परभणी गाडीत आम्ही चौघं चढलो. मी, हे, सासूबाई आणि कालवडवाली म्हातारी. सासूबाईंनी पदरानं सीट पुसली आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, "जरा सरका दादा, देवी बसायलीय." तो माणूस आधी सरकला आणि मग उठूनच उभा राहिला. अर्ध्या वाटेच्या पुढंपर्यंत तो उभाच होता, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. लाजेनं मरायचं बाकी राहिलं होतं.

बाई चाळिशीच्या असाव्यात. सुती साडी, आखूड केस, मनगटावर घड्याळ. टेबलावर औषधाची एकही बाटली नव्हती, हे बघून म्हातारीनं यांना कोपरानं ढोसलं. खुर्च्या दोनच होत्या. आम्ही चौघंही आत शिरलो.

"बाई, हिच्या अंगात देवी येती," सासूबाईंनी सुरुवात केली. "येऊ द्या, आमचं कायी म्हननं न्हाई. फकस्त पाव्हने आले की येऊ नये, एवढं करा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"तिला कायबी वाटत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"तिला बरं वाटायलंय आता," हे म्हणाले.

"तिला माज्या कालवडीचं लय वाटतं," म्हातारी म्हणाली. "पर कुटं हाय ते सांगना गेली."

बाईंनी शांतपणे तिघांनाही बाहेर बसायला सांगितलं. सासूबाईंना ते पटेना. "आत देवीनं कायी मागितलं तर द्याला कोन हाय?" त्यांनी पिशवीतून हळद-कुंकू, नारळ आणि खण काढून टेबलावर मांडला, वापरायची रीत बाईंना समजावून सांगितली, आणि मग बाहेर गेल्या. बाहेर म्हणजे खिडकीखाली. त्यांचा अंबाडा आतून दिसत होता.

"तुम्हाला काय हवंय?" बाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "देवीला विचारा."

"देवीला नंतर विचारू. आधी तुम्ही सांगा."

अर्धा तास मी टेबलफॅनकडं बघत बसले. तो डावीकडं जायचा, थांबायचा, उजवीकडं यायचा. बाई काही बोलल्या नाहीत. मला फार राग आला. एवढ्या लांबून आणून कुणी असं गप्प बसवतं का? शेवटी मी म्हणाले, "काही नको." आणि एवढं म्हणून रडायला लागले. का रडले ते मला कळलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि पुढच्या गुरुवारी या म्हणाल्या.

निघताना सासूबाईंनी बाईंनाच खुर्चीत बसवलं आणि खणानारळानं त्यांची ओटी भरली. आमच्याकडं देवाचं बघणाऱ्या बाईची ओटी भरल्याशिवाय उठत नाहीत, आणि ही बाईही त्यातलीच कुणी मोठी असणार, असं सासूबाईंनी एव्हाना ठरवून टाकलं होतं. बाई मांडीवर नारळ घेऊन गोंधळून बसल्या होत्या. पण त्यांनी तो परत केला नाही.

पुढच्या गुरुवारपासून म्हातारी गळाली, मग हेही गळाले. सासूबाई मात्र येत राहिल्या आणि खिडकीखाली बसत राहिल्या. मी हळूहळू बोलायला लागले. आधी भिंतीचं सांगितलं, मग चहाचं, मग पाहुण्यांचं. दिरांचा प्रसंग ऐकताना बाईंना हसू आवरेना. त्यांनी घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि हसून घेतलं. मला ते आवडलं. मग त्यांनी मला घरचा अभ्यास दिला. आठवड्यात एक गोष्ट मागायची, लहानशीच, पण देवीला मधे न आणता.

लहान म्हणून मी साखर मागितली. "आत्याबाई, मला चहात साखर जास्त लागते." सासूबाई पाखडत राहिल्या. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणाले. तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "आज तर बुधवार हाय!" साखर मिळाली, पण ती देवीच्या नावावर गेली.

मधला एक गुरुवार विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात गेला. गाड्या निघाल्याच नाहीत. त्या दिवशी मी दिवसभर चिडचिड करत होते, आणि संध्याकाळी लक्षात आलं की मला परभणीला जायचं होतं. मला कुठंतरी जायचं आहे, हेच मला नवीन होतं.

त्यानंतरच्या खेपेला मी बाईंना फैलावर घेतलं. "तुम्ही नुसतं विचारता. देत काहीच नाही. आमची देवी बरी, तिनं भिंत तरी दिली." बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर चिडलात. मला बरं वाटलं." या बाईंनाच दवाखान्यात दाखवायला पाहिजे, असं मला वाटलं. पण त्या चिडण्याच्या भरातच माझ्या तोंडून ते निघालं, जे मी चार वर्षांत कुणापुढं काढलं नव्हतं. मला दहावीची परीक्षा द्यायची होती.

माझ्या लग्नाच्या बैठकीत वडिलांनी एकच अट घातली होती. पोरीला दहावीला बसू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, पानसुपारी झाली, आणि ती अट तिथंच राहिली. शाळा सोडल्याचा दाखला माझ्या पेटीत साड्यांच्या खाली होता. बोरीच्या शाळेत सतरा नंबरचा फॉर्म मिळतो, तो भरून बाहेरून परीक्षा देता येते, हे मला माहीत होतं. दरवर्षी त्याची तारीख यायची, कापूस वेचायला यायचा, आणि तारीख निघून जायची.

"मग हे देवीकडून का नाही मागवलंत?" बाईंनी विचारलं. "भिंत मागवलीत, माहेरपण मागवलंत. हे का नाही?"

तोवर मी हे स्वतःलाही विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "देवीनं मागितलं असतं, तर पास झाल्यावर देवीच पास झाली म्हणाले असते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. तेव्हा मला कळलं की हे आता मलाच मागावं लागणार. फॉर्मची शेवटची तारीख त्या शनिवारी होती.

शुक्रवारी दुपारी हे जेवायला बसले होते. दीर पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते, सासूबाई चुलीपाशी होत्या. मी भाकरी वाढली आणि म्हणाले, "मला कायतरी बोलायचंय." भीतीनं माझा आवाज घोगरा झाला होता. झालं! दिरांनी तांब्या टाकला आणि मागच्या दारानं पळाले. आता आपलं आणखी काय बाहेर निघतंय, या धास्तीनं पळाले ते थेट शेतात गेले. यांनी ताट बाजूला सारून हात जोडले. सासूबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि माझ्या नाकाखाली ऊद धरला.

"देवी न्हाई," मी खोकत म्हणाले. "मी हाय."

"हो माय, तूच हायस, तूच," सासूबाई माझ्या कपाळावर कुंकू भरत म्हणाल्या.

"आत्याबाई, मी! तुमची सून! खाली ठिवा ते!" डोळ्यांत ऊद गेला होता, पाणी वाहत होतं. "मला दहावीच्या परीक्षेला बसायचंय. सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. उद्या शेवटचा दिवस हाय."

"देवी, तुला परीक्षा कशाला?" यांनी हात जोडूनच विचारलं.

"अवं, देवीला नको, मला पाहिजे!"

यांनी माझ्याकडं नीट बघितलं. जोडलेले हात सुटले. त्यांनी ताट पुन्हा पुढं ओढलं आणि भाकरी मोडली. "मग न्हाई जमायचं," ते म्हणाले. "कापूस कोन येचील?"

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला देवीला बोलवावंसं वाटलं. गुडघे तयारच होते. एक घुमारा काढला असता तर फॉर्म संध्याकाळपर्यंत घरात आला असता. मी चुलीशेजारचा खांब धरला आणि उभी राहिले. "कापूस मीच येचते दरसाल, अवंदाबी येचीन," मी म्हणाले. "माज्या बापाला बैठकीत तुमी शब्द दिलता. मला परीक्षा द्यायचीय." हे जेवत राहिले.

सासूबाई हातात ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. "अगं," त्यांनी हळूच विचारलं, "मग ती गेली का?"

"गेली वाटतं, आत्याबाई."

"आता येनार न्हाई?"

"न्हाई."

त्या मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडू लागल्या. भिंत झाली होती, कालवड सापडायची ती सापडली नव्हतीच, मग देवी गेली तर सासूबाईंचं काय गेलं?

"मला पोरी म्हनायची ती," सासूबाई म्हणाल्या. "माजी माय मेली तवा मी नऊ वर्साची व्हते. तवापसून कुनी म्हनलं न्हाई. ती डोईवर हात ठिवायची अन् इचारायची, पोरी, दमलीस का? मी मंगळवारची वाट बघायची गं."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी चहा मागितलेला आठवत होता, कूट मागितलेला आठवत होता. हे कुठल्या मंगळवारी, माझ्या आतल्या कुणी विचारलं, मला ठाऊक नाही. शुद्धीवर असताना मात्र चार वर्षांत मी सासूबाईंना हे एकदाही विचारलं नव्हतं. ही माझं ऐकत नाही म्हणून मी जळत होते, आणि हिला काही सांगायचं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. पोरी म्हणायची माझी छाती झाली नाही.

"आत्याबाई," मी विचारलं, "दमलाव का?"

त्यांनी पदर खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. कुंकू शोधलं नाही, ऊद शोधला नाही. "लय," त्या म्हणाल्या. "लय दमले गं."

आम्ही दोघी रडत बसलो. हे भाकरीचा तुकडा हातात धरून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. थोड्या वेळानं सासूबाईंनी नाक पुसलं आणि लेकावर ओरडल्या, "बसलास काय? ऊठ, शाळेतून हिचा फारम आन."

"जेवून जातो की."

"शाळा सुटंल. जेवन काय पळून चाललंय का?"

हे उठले, हात धुतला आणि निघाले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आता नाही म्हणतात, असं वाटून मी पुन्हा बोलायची तयारी केली.

"कितवा नंबर म्हनलीस?" त्यांनी विचारलं.

"सतरा," मी म्हणाले. या खेपेला मला एकदाच सांगावं लागलं.